न्यायमूर्ती जयकर आणि गैरहजर पक्ष

पनवेलच्या लगत सिडकोने वसविलेल्या करंजाडे वसाहतीतून सकाळी कामावर निघालेला शिक्षक अथवा कारकून वाटेत पेट्रोल पंपावर थांबतो, तेव्हा तो केवळ इंधनाची किंमत चुकती करीत नसतो. त्याच्या पैशांतील एक हिस्सा रस्त्यांसाठीचा उपकर म्हणून केंद्र सरकारकडे जातो आणि दुसरा हिस्सा विक्रीवरील कर म्हणून राज्याच्या तिजोरीत जमा होतो. महिन्याच्या मिळकतीचा मेळ घालणाऱ्या माणसाला हे दोन्ही कर जाचक वाटावेत, हे स्वाभाविकच आहे. परंतु या दोन्ही करांच्या उगमाचा शोध घेऊ लागले, तर तो एकाच मराठी माणसापाशी येऊन पोहोचतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पहिल्या कराची शिफारस १९२८ मध्ये ज्या समितीने केली, तिचे ते अध्यक्ष होते. दुसरा कर बसविण्याचा प्रांतांचा अधिकार १९३८ मध्ये ज्या न्यायालयाने मान्य केला, त्याच्या तिघा न्यायाधीशांपैकी ते एक होते. त्यांचे नाव मुकुंद रामराव जयकर.

करंजाडेजवळचा जुना महामार्ग एका अंगाने मुंबईस आणि दुसऱ्या अंगाने घाट चढून पुण्यास जातो. जयकरांचे आयुष्यही मुख्यत्वे याच दोन शहरांत गेले. मुंबईत ते वाढले, बॅरिस्टर म्हणून नावारूपास आले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. पुण्यात त्यांनी विद्यापीठाचा पाया घातला. या दोहोंच्या मध्ये दिल्लीच्या फेडरल कोर्टाचे, म्हणजे संघ न्यायालयाचे, न्यायासन आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमिती येते. पुणे विद्यापीठातील ग्रंथालयामुळे त्यांचे नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी आजही आहे. तथापि हा मनुष्य न्यायाधीश होता, याची आठवण क्वचितच काढली जाते. संघ न्यायालयातील त्यांची कारकीर्द दोन वर्षांचीही नव्हती, हे त्याचे एक कारण. परंतु न्यायाधीशपण म्हणजे केवळ न्यायासनावरील वर्षांची बेरीज नव्हे. जो पक्ष समोर उपस्थित नाही त्याचेही म्हणणे विचारात घेतल्यावाचून निकाल करू नये, ही जी न्यायबुद्धी, ती जयकरांच्या सार्वजनिक जीवनात वारंवार दिसते. एका प्रसंगी ती दिसली नाही, आणि नेमका तोच प्रसंग पुढे त्यांच्या आयुष्यात परत आला.

गिरगाव ते हायकोर्ट

१३ नोव्हेंबर १८७३ रोजी मुंबईच्या पाठारे प्रभू समाजात जयकरांचा जन्म झाला. कायद्याचे शिक्षण मुंबईत घेऊन पुढे ते इंग्लंडला गेले आणि १९०५ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. शिक्षणाची आवड त्यांना वकिलीपूर्वीपासूनची होती. गिरगावातील आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत तरुण जयकरांचा वाटा होता. तत्त्वज्ञानाचा त्यांचा व्यासंग वकिलीच्या धकाधकीतही सुटला नाही. रावबहादूर वासुदेव किर्तीकर यांच्या वेदान्तविषयक इंग्रजी लेखांचा ग्रंथ त्यांनी १९२४ मध्ये संपादित केला, तो याच व्यासंगाची साक्ष होय.

राजकारणात त्यांना ओढून आणले ते मुख्यतः पंजाबच्या घटनांनी. एप्रिल १९१९ मध्ये जालियनवाला बागेत गोळीबार झाला. त्याच्या चौकशीसाठी सरकारने हंटर समिती नेमली. परंतु तुरुंगात असलेल्या पंजाबी पुढाऱ्यांना त्या समितीपुढे येण्यासाठी तात्पुरतेही मोकळे करण्यास सरकार राजी नव्हते. ज्यांच्यावर जुलूम झाला तेच गैरहजर, अशा त्या चौकशीवर काँग्रेसने बहिष्कार घातला आणि आपली स्वतंत्र चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालावर महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि जयकर यांच्या सह्या आहेत. सतराशेहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या या समितीने तपासल्या. मुंबईच्या हायकोर्टात धनिकांचे दावे लढविणारा बॅरिस्टर पंजाबातील सामान्य माणसांच्या जबान्या पारखीत बसला, हा त्याच्या आयुष्यातील एक नवा धडा होता. सरकारी चौकशीत ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांची बाजू येथे प्रथमच कागदावर आली.

पुढे जयकर स्वराज्य पक्षातर्फे मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि तेथे पक्षाचे नेते झाले. पण सरकारची केवळ अडवणूक करीत राहण्याचे धोरण त्यांना मानवले नाही. न. चिं. केळकर, डॉ. मुंजे, लोकनायक अणे यांच्यासमवेत त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा पुरस्कार केला; जेथे सहकार्याने लोकांचे हित साधेल तेथे सहकार्य आणि जेथे साधणार नाही तेथे विरोध, असे त्या धोरणाचे सूत्र होते. १९२६ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले आणि पुढच्याच वर्षी रस्तेविकास समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

मोटारगाड्यांची वाहतूक तेव्हा झपाट्याने वाढत होती आणि रस्ते मात्र प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या तुटपुंज्या उत्पन्नावर अवलंबून होते. जयकर समितीने १९२८ च्या अहवालात असे म्हटले, की रस्त्यांची वाढ हा केवळ स्थानिक प्रश्न राहिलेला नाही. पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचे उत्पन्न केवळ रस्त्यांसाठी वेगळे राखून ठेवावे. त्याप्रमाणे १९२९ मध्ये पेट्रोलच्या गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला आणि मध्यवर्ती रस्ते निधी अस्तित्वात आला. रस्तेबांधणीच्या तज्ज्ञांची एक कायमची संस्था असावी, ही त्या समितीची सूचनाही १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसच्या रूपाने मूर्त झाली. रस्ते निधीला २००० मध्ये स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला आणि २०१८ मध्ये त्याचे नाव व व्याप्ती बदलली. परंतु जो रस्ता वापरतो त्याने इंधनाबरोबर रस्त्याचाही खर्च द्यावा, हे मूळ तत्त्व जयकर समितीचेच आहे.

कलकत्त्याचा डिसेंबर

त्याच १९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्यास सर्वपक्षीय परिषद भरली. नेहरू अहवालावर तेथे शिक्कामोर्तब व्हावयाचे होते. बॅरिस्टर जिना यांनी त्या अहवालास काही दुरुस्त्या सुचविल्या. मध्यवर्ती कायदेमंडळात मुसलमानांना एक तृतीयांश जागा असाव्यात, ही त्यांतील प्रमुख होती. जिना आणि जयकर हे मुंबईच्या एकाच हायकोर्टातले बॅरिस्टर आणि सार्वजनिक कामातले जुने सहकारी होते. सर तेजबहादूर सप्रू यांनी परिषदेला आकड्यांचा काथ्याकूट न करता समेट करण्याचा सल्ला दिला. जयकर मात्र विरोधात उभे राहिले. जिना हे मुस्लिम समाजातील एका लहान गटाचेच प्रतिनिधी आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी झालेली तडजोड पुन्हा उकलू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. जिनांच्या सूचना फेटाळल्या गेल्या. तेथून त्यांची वाट वेगळी झाली, असे मत पुढे अनेक इतिहासकारांनी नोंदविले आहे.

जयकरांच्या चरित्रातील हा प्रसंग त्यांच्या चाहत्यांनी सहसा झाकून ठेवला आहे. परंतु तो झाकल्यास पुढील जयकर समजत नाहीत. कलकत्त्यात त्यांनी वकिलाप्रमाणे एका पक्षाची बाजू लढविली आणि जिंकली. वकिलाच्या दृष्टीने तो विजय निर्दोष होता. न्यायाधीशाला मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. जो पक्ष हरून उठून जातो, तो निकाल मानणार आहे काय? या प्रश्नाचे उत्तर कलकत्त्याच्या बहुमतापाशी नव्हते.

याच्या पुढचे जयकर वेगळे दिसतात. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात आणि नेहरू पितापुत्र नैनीच्या तुरुंगात असताना, १९३० च्या जुलै-ऑगस्टमध्ये सप्रू आणि जयकर यांनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या संमतीने समेटाची खटपट केली. कलकत्त्यात ज्या सप्रूंचा सल्ला जयकरांनी मानला नव्हता, त्यांच्याच जोडीने ते एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात निरोप नेऊ लागले. नेहरूंना येरवड्यास आणून वाटाघाटी झाल्या. त्या फसल्या. सरकारला हे दोघे काँग्रेसचे हस्तक वाटत आणि कित्येक काँग्रेसजनांना ते सरकारचे दूत वाटत. मध्यस्थाच्या कपाळी बहुधा हेच लिहिलेले असते. परंतु मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, त्याच्या आधीच्या हालचालींत सप्रू, श्रीनिवास शास्त्री आणि जयकर यांचाच हात होता. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींच्या येरवड्यातील उपोषणाच्या काळात डॉ. आंबेडकरांशी जो पुणे करार झाला, त्यावरही सप्रू आणि जयकर यांच्या सह्या आहेत.

संघराज्यावाचून संघ न्यायालय

१९३५ च्या कायद्याने हिंदुस्थानात ब्रिटिश प्रांत आणि संस्थाने यांचे संघराज्य स्थापन व्हावयाचे होते. केंद्र, प्रांत आणि संस्थाने यांच्यात अधिकारांवरून तंटे उद्भवणार हे उघड असल्याने, ते सोडविण्यासाठी एका संघ न्यायालयाची तरतूद त्या कायद्यात होती. संस्थानिकांनी पुरेशी संमती न दिल्यामुळे संघराज्य कधी जन्मालाच आले नाही. न्यायालय मात्र १ ऑक्टोबर १९३७ रोजी अस्तित्वात आले. दिल्लीच्या संसद भवनात, जेथे संस्थानिकांचे नरेंद्र मंडळ भरत असे, त्याच दालनात ते बसू लागले. ज्यांनी संघराज्यात येण्याचे टाळले त्यांच्याच दालनात संघ न्यायालय भरावे, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय.

पहिले मुख्य न्यायमूर्ती सर मॉरिस ग्वायर हे १९३५ च्या कायद्याच्या शिल्पकारांपैकी एक होते. सर शहा महंमद सुलेमान हे अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले होते आणि गणिताच्या व्यासंगासाठीही प्रसिद्ध होते. तिसरे जयकर. तिघांपैकी राजकारणाच्या आखाड्यातून सरळ न्यायासनावर आलेले तेच एकटे. हिंदू हितसंबंधांचे कैवारी म्हणून ज्यांची ख्याती झाली होती, ते आता सुलेमान यांच्या शेजारी बसणार होते. पक्षीय राजकारणातून आलेला मनुष्य निःपक्षपाती न्यायाधीश होऊ शकतो काय, हा प्रश्न आजही अधूनमधून विचारला जातो. त्याचे उत्तर नेमणुकीच्या दिवशी मिळत नसते, निकालपत्रांतून मिळते.

या न्यायालयापुढे पहिलेच महत्त्वाचे प्रकरण आले ते पेट्रोलचे. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९३८ मध्ये मोटर स्पिरिट आणि वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर किमतीच्या पाच टक्के कर बसविणारा कायदा केला. केंद्र सरकारचे म्हणणे असे, की देशात तयार होणाऱ्या मालावर उत्पादन शुल्क बसविण्याचा हक्क केवळ केंद्राचा आहे आणि हा कर म्हणजे नाव बदललेले उत्पादन शुल्कच होय. प्रांताचे म्हणणे असे, की मालाच्या विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार कायद्याने प्रांतांना दिलेला आहे; विक्री या शब्दाला काही अर्थ असेल तर तो हाच. गव्हर्नर जनरलने हा प्रश्न अभिप्रायार्थ न्यायालयाकडे सोपविला.

वरवर पाहता हा रुक्ष करवादाचा प्रश्न होता. वस्तुतः त्यात प्रांतांच्या आर्थिक अस्तित्वाचा प्रश्न दडलेला होता. लोकनियुक्त मंत्रिमंडळे नुकतीच अधिकारावर आली होती. शाळा, दवाखाने, दारूबंदी, शेतकऱ्यांचे कर्ज या सर्वांसाठी त्यांना पैसा हवा होता आणि उत्पन्नाच्या वाढत्या बाबी बहुतांशी केंद्राच्या हाती होत्या. विक्रीकराचा हा दरवाजाही बंद झाला असता, तर प्रांतिक स्वायत्तता कागदावर उरली असती.

डिसेंबर १९३८ मध्ये तिन्ही न्यायमूर्तींनी आपापली स्वतंत्र मते दिली आणि तिघेही एकाच निष्कर्षाला आले. उत्पादनाशी निगडित कर आणि किरकोळ विक्रीवरील कर हे वेगळे आहेत; दोन्ही नोंदी एकमेकींना पुसून न टाकता एकत्र नांदतील असाच त्यांचा अर्थ लावला पाहिजे; म्हणून प्रांताचा कायदा वैध आहे. जयकरांच्या बाबतीत या निकालाला आणखी एक अर्थ आहे. रस्ते समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनीच केंद्राच्या पेट्रोल कराचे क्षेत्र वाढविले होते. आपल्या जुन्या शिफारशीची माया धरून ते केंद्राकडे झुकले असते, तर कोणास फारसे नवल वाटले नसते. न्यायासनावर बसल्यावर त्यांनी त्याच पेट्रोलवर प्रांताचाही हक्क मान्य केला. राजकारणातून आलेल्या न्यायाधीशाविषयी जी शंका होती, तिचे हे एक उत्तर मानता येईल.

या अभिप्रायाने मोकळा केलेला मार्ग पुढे राज्यांच्या उत्पन्नाचा राजमार्ग ठरला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने विक्रीकराचा अधिकार राज्यांकडेच ठेवला. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांचा हा अधिकार पुष्कळसा आटला. तरीही राज्यसूचीतील ५४ व्या नोंदीत जे थोडे पदार्थ राज्यांसाठी राखून ठेवले गेले, त्यांत पेट्रोल, म्हणजे त्याच जुन्या शब्दांत मोटर स्पिरिट, आहेच.

१९३९ मध्ये जयकरांची नेमणूक प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर झाली. ब्रिटिश साम्राज्यातील तो न्यायाचा सर्वोच्च दरवाजा होता. महायुद्धाच्या काळातच त्यांनी ते पद सोडले आणि ते पुन्हा सार्वजनिक जीवनात आले. संघ न्यायालय मात्र पुढेही चालू राहिले आणि जानेवारी १९५० मध्ये त्याच दालनात त्याच्या जागी सर्वोच्च न्यायालय आले.

सोळा डिसेंबर

९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीची पहिली बैठक दिल्लीत सुरू झाली. मुंबईहून काँग्रेसच्या पाठिंब्याने निवडून आलेले जयकर तीत सभासद होते. तेव्हा त्यांचे वय त्र्याहत्तर वर्षांचे होते. मुस्लिम लीगचे सभासद निवडून आले होते, परंतु त्यांनी बहिष्कार घातला होता. संस्थानांचे प्रतिनिधी अद्याप ठरावयाचे होते. सभागृहात रिकाम्या जागा डोळ्यांत भरत होत्या. १३ डिसेंबर रोजी पंडित नेहरूंनी ध्येयधोरणांचा ठराव मांडला. तो ठराव पुढे घटनेच्या सरनाम्याचा आधार झाला.

१६ डिसेंबर रोजी जयकरांनी त्याला दुरुस्ती सुचविली. ठरावातील ध्येयाला त्यांचा विरोध नव्हता. लीगचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी भाग घेऊ शकतील तोवर त्यावरील विचार पुढे ढकलावा, एवढेच त्यांचे मागणे होते. त्यांनी प्रथम कायद्याचा मुद्दा मांडला. कॅबिनेट मिशनच्या योजनेप्रमाणे या प्रारंभिक बैठकीत अध्यक्षांची निवड आणि कामकाजाची व्यवस्था एवढेच व्हावयाचे होते; संघाच्या घटनेची मूलतत्त्वे ठरविण्याची वेळ नंतरची होती. त्यामागोमाग व्यवहाराचा मुद्दा होता. जे आलेले नाहीत त्यांना येण्यास जागा ठेवावयाची, की त्यांच्या पश्चात पाया घालून टाकावयाचा?

सभागृहाला हे भाषण रुचले नाही. मध्येच व्यत्यय आले, नाराजीचे सूर उमटले. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांचा मुद्दाही दुर्बल नव्हता. दिवाणी न्यायालयात प्रतिवादीला समन्स पोहोचूनही तो तारखेस हजर राहिला नाही, तर दावा एकतर्फी चालतो. गैरहजर राहण्यानेच जर कामकाज थांबविता येत असेल, तर गैरहजेरी हाच नकाराधिकार होऊन बसेल. दीड शतकाची गुलामगिरी संपविण्यास निघालेल्या सभेने कोणाच्या मर्जीसाठी किती दिवस थांबावे? डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्यासारख्या सभासदांनी हाच रोख ठेवून दुरुस्तीला विरोध केला.

दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, डॉ. आंबेडकर बोलावयास उभे राहिले. काँग्रेसवर वर्षानुवर्षे टीका करीत आलेले, बंगालमधून निवडून आलेले हे सभासद काय बोलतात, याकडे सर्वांचे लक्ष होते. त्यांनी जयकरांच्या दुरुस्तीची बाजू उचलून धरली. असा ठराव करण्याचा अधिकार सभेला आहे की नाही, यापेक्षा आजच तो करणे शहाणपणाचे आहे काय, हा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला. जे जयकर बोलले तेव्हा अस्वस्थ झाले होते, ते सभागृह आंबेडकरांचे भाषण शांतपणे ऐकत राहिले. ठरावाची चर्चा अखेर त्या सत्रात संपविली गेली नाही. ती जानेवारीवर टाकण्यात आली आणि २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव संमत झाला. संस्थानांचे प्रतिनिधी एप्रिल १९४७ पासून येऊ लागले. फाळणीचा निर्णय होईपर्यंत लीग मात्र आलीच नाही.

या घटनाक्रमावरून जयकरांचे चुकले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. महिना थांबूनही लीग आली नाही, हे खरेच. परंतु न्यायाच्या व्यवहारात समन्सची किंमत प्रतिवादी आला की नाही यावरून ठरत नाही. ते बजावले गेले होते, मुदत दिली गेली होती आणि खुर्ची रिकामी ठेवली होती, यामुळेच नंतरच्या निकालाला वजन येते. आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अठरा वर्षांपूर्वी कलकत्त्यात ज्यांच्यासाठी झालेली तडजोड उकलू नये म्हणून जयकर उभे राहिले होते, त्यांच्याचसाठी ते आता थांबण्याची विनंती करीत होते. त्यांच्या भाषणामागे कलकत्त्याची आठवण होती काय, हे सांगता येत नाही. पण सार्वजनिक जीवनात स्वतःच्या विजयाविरुद्ध अपील करण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, अशी माणसे मोजकीच.

काही महिन्यांतच जयकरांनी घटना समितीचा राजीनामा दिला. फाळणीमुळे आंबेडकरांची बंगालमधील जागा गेली होती. जुलै १९४७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईतून निवडून आणले ते जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर. ऑगस्टअखेर मसुदा समिती नेमली गेली आणि आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. रिकाम्या खुर्च्यांची कदर करा म्हणून जे झगडले, त्यांनी रिकामी केलेली खुर्ची घटनेच्या शिल्पकाराला मिळाली. इतिहासाने त्यांच्या विनंतीला दिलेले उत्तर इतके अनपेक्षित होते.

गणेशखिंडीतील शेवटचा निवाडा

यानंतर जयकर राजकारणात फारसे रमले नाहीत. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे, ही मागणी जुनी होती आणि तिचा विचार करण्यासाठी १९४२ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जयकरच होते. १९४८ च्या कायद्यान्वये पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले, तेव्हा पहिले कुलगुरूपद त्यांच्याकडे येणे क्रमप्राप्त होते. गव्हर्नरांचा गणेशखिंडीतील प्रशस्त बंगला विद्यापीठाला मिळाला. प्रारंभी १८ महाविद्यालये आणि आठ हजारांच्या आसपास विद्यार्थी, एवढा त्याचा पसारा होता. १९५६ पर्यंत जयकरांनी ते पद सांभाळले. त्यांच्यामागून रँग्लर परांजपे आले. १० मार्च १९५९ रोजी, पंचाऐंशीव्या वर्षी, जयकरांचे निधन झाले.

संघ न्यायालयाचे पहिले तिन्ही न्यायमूर्ती पुढे कुलगुरू झाले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ग्वायर यांनी दिल्ली विद्यापीठ घडविले, सुलेमान अलीगढला होते, जयकर पुण्याला. जो न्याय शिकवावा लागतो तो न्यायालयात शिकविता येत नाही, असे या तिघांना वाटले असेल काय? न्यायालयात माणसे येतात तोवर त्यांची मने बहुधा बनून गेलेली असतात. दुसऱ्याची बाजू ऐकण्याची सवय लागायची, तर ती वर्गात आणि ग्रंथालयातच लागते. एकाच फळीवर परस्परविरोधी ग्रंथ शेजारी शेजारी उभे असतात आणि वाचणाऱ्याने दोन्ही उघडावेत अशी अपेक्षा असते. जयकरांचे नाव ग्रंथालयाला दिले गेले, यात म्हणूनच एक औचित्य आहे.

गैरहजर पक्षाचा प्रश्न जयकरांबरोबर संपलेला नाही, हे पाहण्यासाठी करंजाडेच्या बाहेर जाण्याचे कारण नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखण्यात आले. आराखडे मुंबईच्या कचेऱ्यांत तयार झाले; ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर ती रेघ ओढली गेली, ते आगरी-कोळी शेतकरी त्या टेबलापाशी नव्हते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना अमलात आली. करंजाडेतील पुष्कळ इमारती अशा भूखंडांवरच उभ्या आहेत. अलीकडे विमानतळासाठी हललेल्या गावांतील काही कुटुंबांनाही वडघर-करंजाडे परिसरातच पुनर्वसनाचे भूखंड मिळाले. या इमारतींच्या सदनिकांत राहणाऱ्या नोकरदारास हे ठाऊक नसेल. परंतु त्याच्या घराखालची जमीन ही उशिरा ऐकल्या गेलेल्या एका पक्षाची पावती आहे.

वेळेवर ऐकले असते तर तिची किंमत कमी पडली असती. जयकरांनी १६ डिसेंबरला सभागृहाला सांगितले ते यापेक्षा निराळे नव्हते. ते ऐकावयास तेव्हा फार थोडे तयार होते. ग्रामसभा असो, शाळेची समिती असो वा सोसायटीची वार्षिक बैठक असो, ठराव मताला टाकण्यापूर्वी कोण आलेले नाही आणि का आलेले नाही, एवढे विचारणारा एक मनुष्य त्या सभेत असावा. त्याच्यामुळे बैठक लांबते आणि तो अनेकांना नकोसा होतो. पण निकाल टिकतो तो बहुधा त्याच्यामुळेच.